घाटाच्या दोन लाइनी

मी एक जुना मोबाइल टॉवर आहे. मित्रांनो, 'जुना' हा शब्द ऐकला की लोकांच्या तोंडी लगेच 'बिचारा' येतो. तो माझ्यासाठी वापरू नका. तोरणमाळच्या डोंगरात जाणाऱ्या एका घाटाच्या डोक्यावर, मोहपाडा नावाच्या पाड्याकडे पाठ करून, मी ताठ उभा आहे. माझा रंग उडाला आहे, एका पायाला गंज चढला आहे आणि कावळ्यांनी माझ्या डोक्यावर काड्या आणून संसार थाटला आहे. तरी रडगाणे गाण्यासाठी मी तोंड उघडलेले नाही.

माझ्यावर एक आरोप आहे. हा टॉवर 'नाही' म्हणतो, असा तो आरोप. तो खरा आहे. मी नाही म्हणतो, आजही म्हणतो आणि उद्याही म्हणणार आहे. का म्हणतो ते आधी ऐकून घ्या. मग मला काय नावे ठेवायची ती खुशाल ठेवा.

माझा जन्म सपाटीवरच्या एका कारखान्यात झाला. लोखंडाच्या लांब पट्ट्या कापल्या, त्यांना भोके पाडली आणि गंजू नयेत म्हणून वितळलेल्या जस्तात बुडवून काढल्या. तो चटका मला अजून आठवतो. मग ट्रकमध्ये आडवा पडून मी घाटाच्या पायथ्याशी आलो. ट्रकवाल्याने एकदा वर पाहिले, एकदा रस्त्याकडे पाहिले आणि इंजीन बंद केले. काही केल्या तो पुढे जाईना. तेव्हा मोहपाड्याची माणसे खाली उतरली. त्यांनी माझे तुकडे खांद्यावर घेतले आणि एका तालात आरोळ्या देत मला वर चढवले. माझा सगळ्यांत लांब पाय पुढून धरणारा तरणा गडी म्हणजे डोंगरसिंग. त्या लोखंडाने त्याच्या खांद्यावर कायमचा वण ठेवला. आज तो माझ्या पायथ्याशी चहाची टपरी चालवतो आणि नवा माणूस दिसला की शर्टाची कॉलर बाजूला सारून तो वण दाखवतो. म्हणून मला कोणी कंपनीचा टॉवर म्हटले की हसू येते. कंपनीने मला विकत घेतले असेल. वर आणले ते या लोकांनी.

सुरुवातीची वर्षे माझ्या कौतुकाची होती. त्याआधी ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या माणसांची खबर त्यांच्या परतण्याबरोबरच यायची. मी उभा राहिलो आणि त्यांचे आवाज पाड्यात यायला लागले. दसऱ्याला गाड्यांना हार घालताना लोक मलाही झेंडूची माळ बांधत. कोणाचा फोन लागला नाही तरी तो माझ्याकडे बघून हसायचा. पुढे घरोघरी बटणांचे फोन झाले, आणि हसणारे शिव्या द्यायला लागले.

आता माझ्या पोटातली गोष्ट सांगतो, कारण सगळ्या भांडणाचे मूळ तिथेच आहे. माझ्याजवळ बोलण्यासाठी सात लाइनी आहेत. एका वेळी सातच. आठव्याने फोन लावला की मला नाही म्हणावे लागते, आणि त्याच्या कानात एक बाई गोड आवाजात सांगते, 'या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत.' त्यातून पाड्यातल्याच दोघांनी आपसांत बोलायचे ठरवले, तर माझ्या दोन लाइनी जातात. एक लावणाऱ्याला, एक ऐकणाऱ्याला. शहाद्याकडचे नवे टॉवर कितीतरी लोकांना एका वेळी सांभाळतात. मला सात दिल्या, कारण डोंगरात माणसे असतीलच किती, असे तेव्हा कोणाला तरी वाटले होते.

पण हे लोकांच्या गळी उतरत नाही. त्यांना सवय जीपची. आमच्या घाटातल्या जीपमध्ये जागा नाही असे कधी होतच नाही. 'सरक रे जरा' म्हटले की आणखी एक बसतो, मग आणखी एक, त्याच्या मांडीवर कोणाचे तरी मूल आणि पायांत कोंबड्यांची पाटी. उरलेले मागे लटकतात. तसेच मीही कोणाला तरी कोपऱ्यात बसवून घ्यावे, अशी त्यांची अपेक्षा. मित्रांनो, माझ्यात सरकता येत नाही. मी लोखंडाचा आहे, जीप नाही.

घाटातल्या या जीपवाल्यांचा म्होरक्या म्हणजे लोटन. मूळचा रनाळ्याचा, पण लग्नानंतर शहाद्याकडे सासुरवाडीलाच राहिला. घरजावई म्हटले की तो चिडतो, म्हणून सगळे मुद्दाम म्हणतात. त्याने याचा राग माझ्यावर काढला असावा. माझे नाव त्याने 'नहीबुवा' ठेवले. डोंगरसिंग घरी पावरी बोलतो, लोटनशी मात्र अहिराणीत. त्यामुळे हे नाव पाड्यातही रुळले. लेकरेसुद्धा मला नहीबुवा म्हणून हाक मारायला लागली. मारू द्या. नाव ठेवणाऱ्याला त्याच नावाची एक दिवस गरज पडते.

एका पावसाळ्यात घाटाच्या मधल्या वळणाचा बाहेरचा अर्धा रस्ता दरीत गेला. राहिला एका गाडीपुरता पट्टा. त्या वळणाला आंधळे वळण म्हणतात, कारण वरून खालचे दिसत नाही आणि खालून वरचे. समोरासमोर दोन गाड्या आल्या तर मागे घ्यायला जागा नाही. दुरुस्ती येणार येणार म्हणता म्हणता आलीच नाही. तेव्हा लोटन आणि डोंगरसिंग यांनी चहा पिता पिता एक युक्ती काढली.

खालून चढणाऱ्या गाडीवाल्याने निघताना डोंगरसिंगला एक मिसकॉल द्यायचा. घंटी वाजली की डोंगरसिंगने टपरीच्या बांबूवर तांबडे फडके बांधायचे. ते फडके दिसले की वरची गाडी खाली सोडायची नाही. गाडी वर पोचली की फडके उतरायचे. आणि वरून एखादी गाडी आधीच उतरायला लागली असेल, तर डोंगरसिंगने खालच्याला उलटी घंटी द्यायची, म्हणजे थांब. उलटी घंटी आली नाही तर रस्ता तुझा. यात कोणी फोन उचलत नसे. पैसे कापले जात नसत. नुसती घंटी ये-जा करायची, आणि ती माझ्यातून जायची. सबंध घाट माझ्या भरवशावर चालला होता, पण झेंडूची माळ काही परत आली नाही. मी मागितलीही नाही.

एवढ्यात मला काढून टाकायचे ठरले. कंपनीच्या कचेरीतून रिम्शा नावाची इंजिनिअर आली. नंदुरबारची मुलगी, वडिलांचे तिथे शिलाईचे दुकान. ती हुशार होती, मेहनती होती आणि बोलायला मोकळी होती. मला तिचा राग येत नव्हता. राग आला तो तिच्या लॅपटॉपमधल्या टॉवरचा.

होय, तिच्या लॅपटॉपमध्ये एक खोटा टॉवर होता. माझीच नक्कल. त्यालाही सात लाइनी. त्याच्याभोवती खोटी माणसे, त्यांचे खोटे फोन. कोण किती वेळाने फोन लावेल, किती वेळ बोलेल, सगळ्यांत गर्दीच्या वेळी किती जणांना नाही ऐकावे लागेल, हे सगळे ती त्याच्यावर करून बघायची. असे करून बघणे वाईट नाही. गाडी घाटात घालण्याआधी ब्रेक दाबून बघतात, त्यातलाच तो प्रकार. पण त्या खोट्या टॉवरखालची माणसे फार सालस होती. नाही म्हटले की ती मान खाली घालून घरी जायची. पुन्हा फोन लावत नसत. आणि मिसकॉल? कोणी उचलला नाही म्हणजे बोलणे झाले नाही, बोलणे झाले नाही म्हणजे काम झाले नाही. असे सगळे फोन अपुरे समजून हिशेबाबाहेर ठेवले होते.

म्हणजे बघा. घाटातली प्रत्येक घंटी वाजत असताना माझ्या दोन लाइनी धरून ठेवायची, पण माझ्या खात्यावर तिचे मोल शून्य. आणि चिडलेल्या माणसाने दहादा बटण दाबले की माझ्या नावावर दहा नकार. काम कमी, नकार जास्त. असा टॉवर ठेवायचा कशाला? कचेरीतल्या साहेबांनी सांगितले, होळी झाली की तिथली यंत्रे उतरवा आणि खाली सपाटीवर लावा. माझे फक्त लोखंड उरणार होते. गणित खोटे नव्हते हो. त्याला खायला अर्धेच घातले होते, ते तरी काय करणार?

यंत्रे कशी उतरवायची हे बघायला रिम्शा निघाली, ती नेमकी भोंगऱ्या बाजाराच्या दिवशी. होळीच्या आधीचा हा आमचा मोठा बाजार. बाहेर गेलेले सगळे या बाजाराला घरी येतात. ढोल, बासऱ्या, नवे कपडे, चांदीचे दागिने, गूळ-डाळ्यांचे ढीग, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. घाटाच्या माथ्यावर माणूस मावत नव्हता. माझ्या साती लाइनी सकाळीच भरल्या, आणि मग मोकळ्या म्हणून राहिनात. एक सुटली की तिच्यावर दहा जण तुटून पडत. एक जण मित्राला विचारत होता, तू कोठे आहेस, आणि तो मित्र त्याच ढोलाच्या पलीकडच्या बाजूला होता. एक बाई नवऱ्याला सांगत होती की बांगड्या घेतल्या, आता रागावू नकोस. ज्यांना नाही ऐकावे लागे ते लगेच पुन्हा दाबत, पुन्हा दाबत. लॅपटॉपमधली सालस माणसे त्या दिवशी बाजाराला आली नव्हती.

दुपारी लोटनची जीप भरून पायथ्याशी उभी राहिली. पुढच्या सीटवर रिम्शा. लोटनने खिशातून फोन काढला, तळहातावर ठेवूनच बटण दाबले, मनात दोन-चार आकडे मोजले, लाल बटण दाबले आणि फोन खिशात टाकला. आमच्याकडे मिसकॉल देणारा कधी फोन कानाला लावत नाही. उचलायचाच नसतो, तर ऐकायचे काय?

रिम्शाने मात्र विचारले, "लोटनभाऊ, घंटी गयी का? तुम्ही तं कानले लावाच नही."

"कानले लावाले कोन बोली ऱ्हायनं, ताई? बटन दाबं का घंटी जास. रोजनं काम शे," लोटन म्हणाला आणि त्याने गियर टाकला.

घंटी गेली नव्हती. मित्रांनो, तो फोन माझ्या दारात आला होता. मी त्याला ओळखले. पण साती लाइनी भरलेल्या. बांगड्यांवाल्या बाईला हाकलून लोटनला आत घ्यायचे मला शिकवलेलेच नव्हते. जो आधी आला तो आत, बाकीच्यांना नाही. राजा असो नाहीतर रंक. मी लोटनला नाही म्हटले, आणि ते ऐकायला त्याचा कान फोनजवळ नव्हता.

वर डोंगरसिंग फोन हातात धरून बसला होता. घंटी नाही, म्हणजे खालून कोणी येत नाही. तांबडे फडके त्याच्या गुडघ्यावर पडले होते. करणसिंग नावाचा पाड्यातला तरुण पिकअप घेऊन उभा होता, मागे बाजारात विकत घेतलेल्या शेळ्या. डोंगरसिंगने त्याला हात केला. पिकअप उतरायला लागली. मग नियमाप्रमाणे खालून कोणी घंटी दिली तर उलटी घंटी द्यायला तो तयार राहिला. घंटी आलीच नाही.

माझ्या उंचीवरून मला दोन्ही गाड्या दिसत होत्या. एक चढत होती, एक उतरत होती, आणि मधे आंधळे वळण. मला ओरडता येत नाही. साऱ्या मुलखाचे आवाज माझ्यातून जातात, पण माझा स्वतःचा आवाज नाही. इतके लोखंड अंगात असून काही करता येऊ नये, याची मला त्या दिवशी आली तशी चीड कधी आली नव्हती.

वळणावर दोघे समोरासमोर आले. लोटनने ब्रेकवर उभे राहून जीप थांबवली. तिचे एक मागचे चाक कडेच्या मुरमावर घसरले आणि तिथेच अडले. लटकलेले लोक पटापट उड्या मारून उतरले. करणसिंगला दरी आणि डोंगर यांतून एक निवडायचे होते. त्याने पिकअप डोंगरात घातली. समोरची काच फुटली, नाक चेपले, शेळ्या ओरडत रस्ताभर पळाल्या. तो बाहेर आला तेव्हा त्याचा उजवा हात कोपराखाली वेडावाकडा लोंबत होता आणि कपाळावरून रक्त येत होते. सगळे जिवंत होते. पण जीपमध्ये बायका होत्या, लेकरे होती. त्या मुरमाने आणखी थोडी जागा सोडली असती तर काय झाले असते, ते मी इथे सांगत नाही.

रिम्शाने ओढणीने करणसिंगचे कपाळ बांधले आणि दवाखान्याला फोन लावला. तिने फोन कानाला लावला होता. मी नाही म्हटले. तिने पुन्हा लावला. मी पुन्हा नाही म्हटले. तिच्याच कंपनीची बाई तिच्या कानात गोड आवाजात तेच सांगत राहिली आणि ती तेच बटण दाबत राहिली. शेवटी बाजारात कोणाचे तरी बोलणे संपले, एक लाइन सुटली आणि निव्वळ नशिबाने ती रिम्शाच्या वाट्याला आली. दवाखान्याची गाडी निघाली.

तोवर डोंगरसिंग धावत खाली आला होता. वाटेत त्याची चप्पल कोठे पडली ते त्यालाच माहीत नव्हते. तो करणसिंगच्या शेजारी रस्त्यावर बसला.

"घंटी वाजनी नही, लोटनभाऊ," तो म्हणाला. "मी फोन हातमा धरीसन बठेल व्हतू."

"मी तं दिन्ही व्हती," लोटन म्हणाला. मग त्याने खिशातला फोन काढून त्याच्याकडे पाहिले.

दोघेही खरे बोलत होते. दोघांचेही चुकले नव्हते. आणि माझेही चुकले नव्हते, हे मी छाती पुढे काढून सांगतो. सात जणांच्या जागेत सात जण बसले होते. चूक असेल तर ती, ज्यांनी मला सगळे सारखेच आहेत असे शिकवून ठेवले, त्यांची. बांगड्यांचा फोन आणि घाटाची घंटी सारखी नसते.

करणसिंगला गाडीत घातल्यावर रिम्शा चालत वर आली. माझ्या पायथ्याशी पोचेपर्यंत बाजार उठायला लागला होता आणि माझ्या लाइनी सैल झाल्या होत्या. मी लोकांची बोलणी वाहतो, मुद्दाम कान देत नाही. पण ही माझ्या पायाला टेकूनच साहेबांशी बोलत होती, तेव्हा कान झाकणार तरी कसे? तिने सगळे सांगितले. साहेब म्हणाले, म्हणूनच तर तो टॉवर काढायचा आहे.

"सर, आपल्या हिशेबात नकार ऐकून माणसं निघून जातात," ती म्हणाली. "इथली जात नाहीत. मीसुद्धा गेले नाही."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरसिंगच्या बाकड्यावर बसून तिने खोट्या टॉवरला खरे जेवण वाढले. नाही म्हटल्यावर पुन्हा पुन्हा फोन लावणारी माणसे त्यात घातली. न उचललेल्या घंट्या घातल्या, आणि त्या वाजत असताना धरलेल्या लाइनी घातल्या. भोंगऱ्या घातला. आणि काय आश्चर्य, लॅपटॉपमधला तो चिकणा टॉवर माझ्यासारखाच घामाघूम झाला. मला त्याची थोडी दया आली. थोडीच.

साहेबांनी नवा हिशेब पाहिला. मला काढायचे रद्द झाले. पण नवे यंत्र काही मिळाले नाही. तो डोंगर, तो रस्ता, खर्च परवडत नाही, सातच लाइनींवर भागवा, असा निरोप आला. मग रिम्शाने खोट्या टॉवरवर आणखी एक गोष्ट करून पाहिली. दोन लाइनी बाजूला काढल्या आणि त्यांवर फक्त घाटाची घंटी येऊ दिली. घंटी दर वेळी पोचायला लागली. मात्र बाकीच्यांसाठी राहिल्या पाचच, आणि त्यांचे नकार भराभर वाढले. संध्याकाळी, जेव्हा बाहेरगावची माणसे घरी फोन लावतात, तेव्हा तर फारच.

हे तिला परस्पर करता आले असते. तिने ते केले नाही. तिने मोहपाड्याच्या लोकांना माझ्या पायथ्याशी बोलावले आणि समजावले. डोंगरसिंग ते पावरीत सांगत गेला. घाटातल्या गाडीवाल्यांचे नंबर आणि टपरीवर ठेवायचा एक वेगळा फोन, एवढ्यांनाच त्या दोन लाइनी मिळतील. इतर वेळी त्या रिकाम्या राहतील. तुम्ही फोन लावाल, लागणार नाही, आणि दोन लाइनी मोकळ्या असतील. चालेल का?

लोकांत कुजबुज सुरू झाली. रिकामी जागा ठेवून गाडी सोडायची, हे आमच्या घाटात कोणी ऐकलेही नव्हते. आधीच हा नहीबुवा, त्यात आणखी दोन लाइनी गेल्या तर लेकराबाळांशी बोलायचे कधी, असे एका म्हातारीने विचारले. तिचे खोटे नव्हते. तेव्हा मागून करणसिंग पुढे आला. त्याचा हात प्लास्टरमध्ये गळ्यात बांधला होता.

"मन्हा फोन नही लागना तरी चाली," तो रिम्शाला म्हणाला. "घाटमा घंटी वाजाले जोयजे."

म्हातारीने मान हलवली आणि तंबाखूची चंची उघडली. ठरले.

घाटाचा फोन टपरीच्या खांबाला खिळ्यावर टांगला गेला. लोटन आणि इतर गाडीवाले आता फोन कानाला लावतात, घंटी वाजल्याचे स्वतः ऐकतात, मगच गियर टाकतात. आणि डोंगरसिंग आता गप्प बसत नाही. उलटी घंटी म्हणजे आता 'थांब' नाही, 'ये'; रस्ता मोकळा असला की तो ती देतोच. ती आल्याशिवाय चढायचे नाही. गप्प राहण्यावर आता कोणी घाट चढत नाही.

मी मात्र पूर्वीपेक्षा जास्त नाही म्हणायला लागलो. लोकांना माहीत असूनही त्यांचा राग यायचा तो येतोच. संध्याकाळी सगळ्यांची एकदम घाई असते. त्यात डोंगरसिंगची लेक असते. ती नवऱ्याबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जाते आणि दिवस मावळताना फडातून बापाच्या फोनवर फोन लावते. पाच लाइनी भरलेल्या असतात. मी तिला नाही म्हणतो. ती पुन्हा लावते. मी पुन्हा नाही म्हणतो. माझ्याजवळ दोन लाइनी रिकाम्या असतात आणि मी नाही म्हणतो. सोपे नाही ते. मी लोखंडाचा आहे म्हणून जमते.

एकदा खूप वेळाने तिचा फोन लागला, तेव्हा ती रागावूनच बोलली. तिला पाड्यातल्या कोणीतरी सांगितले होते की टपरीवरचा फोन पटकन लागतो. त्या दोन लाइनींत माझाही नंबर घालून घे, बाबा, तू फक्त त्या ताईंना सांग, असे ती म्हणत होती. एका लेकीने काय बिघडते? डोंगरसिंगने खिळ्यावरच्या फोनकडे पाहिले. त्याचा शब्द रिम्शाने मोडला नसता. त्याने घरच्या पावरीत जे उत्तर दिले ते मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"ती लाइन रिकामी दिसते, बाई. तिच्यावरून कोणाची तरी लेक घाट चढत असते."

लेकीने फोन ठेवून दिला. त्यानंतर बरेच दिवस तिने फोन केला नाही. डोंगरसिंग संध्याकाळी स्वतःचा फोन पुढ्यात ठेवून बसायचा आणि मान वर करून माझ्याकडे बघायचा. त्याने मला शिवी दिली नाही. दिली असती तरी मी ऐकून घेतली असती.

पुन्हा होळी जवळ आली. भोंगऱ्याची गर्दी, ढोल, आणि माझ्या पाची लाइनी गच्च. दुपारी पायथ्याशी लोटनची जीप उभी राहिली. जीपमधून एका बाईने वर डोंगरसिंगला फोन लावला. मी नाही म्हटले. तिने पुन्हा लावला, मी पुन्हा नाही म्हटले. तिने कपाळाला हात लावून फोन पिशवीत कोंबला. मग लोटनने घंटी दिली. ती माझ्या दारात आली आणि मी दार सताड उघडले. खिळ्यावरचा फोन वाजला. डोंगरसिंग उठला, बांबूवर तांबडे फडके बांधले आणि उतरायला निघालेला एक भरलेला ट्रक हात दाखवून थांबवला. मग त्याने उलटी घंटी दिली. जीप आंधळ्या वळणावरून सावकाश वर आली.

ती थांबली आणि मागच्या बाजूने डोंगरसिंगची लेक उतरली, कडेवर लेकरू घेऊन. उतरता उतरताच ती बापाला बोलायला लागली की खालून इतके फोन केले, तुझा फोन काही लागला नाही, मी येतेय हे तुला कळवणार तरी कसे. डोंगरसिंग तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने त्या थांबवलेल्या ट्रककडे पाहिले. मग बांबूकडे. त्याने तांबडे फडके सोडले, घडी अर्धीच घातली. शेवटी ते तसेच खांद्यावर टाकले, त्या जुन्या वणावर, आणि नातवाला घेतले.

लोटन जीपमधून उतरून माझ्या पायथ्याशी आला. त्याने माझ्या गंजलेल्या पायावर दोनदा थाप मारली. "नहीबुवा," तो म्हणाला. एवढेच.

मित्रांनो, तर असा मी. तुमच्या कानात जेव्हा ती बाई सांगेल की सर्व लाइन्स व्यस्त आहेत, तेव्हा दहादा बटण दाबू नका. जरा थांबा. तुम्ही दाबत राहिलात तर कोणाचे तरी बोलणे दारातच अडून राहते. जवळच्या माणसाला शोधायचे असेल तर ढोलाला वळसा घालून जा. आणि ज्याने कोणासाठी म्हणून जागा राखली आहे, त्याच्याशी ती रिकामी दिसते म्हणून भांडू नका. माझ्या एका पायाला रंगाची गरज आहे, तो कोणी दिला तर मी घेईन. नाही दिला तरी मी इथून हलणार नाही. माझ्या दोन लाइनी मी आजही रिकाम्या ठेवल्या आहेत, आणि खालून कोणीतरी निघाले आहे.